जागा उपल्बध नाही

नायगाव
९ जून २०२५

यासेर,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. तुझा फोन लागत नाही म्हणून कागदावर लिहिते. लागत नाही म्हणजे माझ्या फोनवरून लागत नाही, तुझ्या मेहुण्याच्या, सरदारच्या फोनवरून रिंग जाते. त्याचा अर्थ काय ते मी समजले. पत्ता मिळवला, कसा ते विचारू नकोस.

मराठीत लिहिते, कारण उर्दू तुला कधी आलीच नाही. अब्बांनी दोघांनाही जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं होतं, आणि तुझा अभ्यास मीच घेत होते. एवढं तरी तू यासेरचा यश झाल्यावर विसरला नसशील.

परवा बकरीद झाली. ह्या वेळी तुझा वाटा बाजूला काढला नाही.

काम सांगते. सालेहा दहावी झाली. तालुक्यात मुलींमध्ये पहिली आली, तिची भाषणं झाली, शाळेने शाल दिली. तिला डॉक्टर व्हायचं आहे. लातूरच्या क्लासची परीक्षा तिने स्वतः जाऊन दिली आणि त्यात तिचं नाव लागलं. आता राहायची सोय हवी. तिकडच्या खोल्या म्हणे हल्ली फोनवरच मिळतात. ट्युशन एरियातले बहुतेक घरमालक एकाच ॲपवर आहेत. दहावीच्या मार्कमेमोवर आहे तसं नाव मराठीत टाकायचं, वेगळ्या रकान्यात वडिलांचं, आणि घर निवडायचं. सालेहाने टाकलं. कुठलंही घर निवडलं तरी एकच उत्तर येतं:

क्षमस्व. सध्या जागा उपल्बध नाही.

तू लातुरात आहेस. असल्याच ॲपांचं काम करतोस असं कानावर आलं. कुणाला तरी सांगून तिची सोय होते का बघ. तुझ्याकडे ठेव असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या ऑफिसात फोन केला होता, यासेरला द्या म्हणाले होते. "इथं यासेर कुणी नाही, राँग नंबर," असं सांगणारा आवाज तुझाच होता. तेव्हापासून मी तुला फोन केला नव्हता, आताही केला नसता. पण मुलगी माझी आहे, आणि भाऊ दुसरा नाही.

नाझनीन


नायगाव
१८ जून २०२५

यश साहेब,

तुमचा मेसेज सरदारच्या फोनवर पोचला. "आपा, जूनमध्ये लातूर फुल्ल असतं. जागा खरंच नसेल. जुलैत बघू." फार उपकार झाले.

माझ्या कॉम्प्युटर क्लासात सध्या पायथन भाषेत प्रोग्राम लिहिणं चालू आहे. मजकुराचे तुकडे कसे हाताळायचे ते शिकवते आहे. एका शब्दात दुसरा शब्द दडलाय का हे मशीनला कसं विचारायचं, हे मागच्या आठवड्यात एकदा सांगायचं होतं. मशीन वाचत नाही, ते फक्त अक्षर अक्षराला लावून बघतं, हे मुलांच्या गळी उतरता उतरत नाही. मी म्हटलं, चला, काढा फोन. लातूरचं ते खोल्यांचं ॲप उघडा, सगळ्यांनी एकच घर निवडा आणि आपापलं नाव टाका.

संगमेश्वरला जागा आहे. रविकिरणला आहे. शिवानीला आहे. मी माझं नाव टाकलं, नाही. संघपालने टाकलं, नाही. त्याने फोन खिशात घातला आणि खिडकीजवळच्या मशीनवर जाऊन बसला. आणि मग आपल्या बाजारातल्या किराणा दुकानदाराचा चंद्रशेखर ओरडला, "मॅडम, मला बी न्हाई म्हणून राहिलंय! मी काय केलं?"

वर्ग हसला. मीही हसले. मग मी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं आणि मधल्या दोन अक्षरांभोवती चौकट काढली. चंद्र, चौकटीत शेख, आणि शेवटी र.

मुलं हसायची थांबली.

त्यानंतर मजा झाली ती ऐका. चंद्रशेखरच्या वडिलांनी लातूरला फोन करून कुणाला तरी चांगलं फैलावर घेतलं. पुढच्या आठवड्यात चंद्रशेखरला जागा आहे असं यायला लागलं. संघपालला अजून नाही. मला अजून नाही. सालेहाला अजून नाही.

म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसलं, चहा घेतला, विचार केला आणि प्रोग्राममधली ओळ दुरुस्त केली. शेख धरायचा, शेखर सोडायचा. आधीचं काम एखाद्या अडाण्याने मालकाच्या धाकाने उरकलं असेल, असं मी समजून घेतलं असतं. ही दुरुस्ती मात्र अडाण्याची नाही. ती मन लावून केलेली आहे.

आता त्या शब्दाकडे वळते. उपल्बध. ल आधी, मग ब अर्धा, मग ध, हे जगात सगळ्यांना जमतं आणि एकाला जमत नाही. टायपिंगच्या परीक्षेआधी मी तुला हा शब्द पान भरेपर्यंत लिहायला लावला होता आणि तू रडला होतास. सालेहाने पहिल्या दिवशी फोन माझ्यासमोर धरला तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. मागच्या पत्रात तो शब्द मुद्दाम होता तसा उतरवला आणि गप्प बसले. वाटलं, तू स्वतः सांगशील.

तू सांगितलंस, जून महिन्यात लातूर फुल्ल असतं.

सालेहाला मी अजून काही बोलले नाही. ती तुला मामू म्हणते, आणि तुझ्या जुन्या लॅपटॉपवर अभ्यास करते.

नाझनीन


नायगाव
२७ जून २०२५

यासेर,

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. तू फक्त ऐकलंस. आम्ही तिथं उभ्या होतो.

नाव ॲपमधून कसं सुटलं ते तू शोधलंसच. सालेहाने ते माझ्याकडून उचललं. दऱ्या, खोऱ्या असले शब्द जुन्या पद्धतीने टाइप करताना मधे एक न दिसणारी खूण घालावी लागते, ती मी क्लासात शिकवते. शेख हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो, मशीन त्यात तीन मोजतं, श, मात्रा आणि ख. सालेहाने शे आणि ख यांच्यामध्ये ती खूण टाकली, सालेहामध्येही टाकली. पडद्यावर नाव होतं तसंच दिसलं. तुझी ओळ मात्र शेख शोधत पुढे निघून गेली. "जागा आहे" असं उमटलं तेव्हा पोरीने घरभर उड्या मारल्या. मी तिला थांबवलं नाही. मला वाटलं, एकदा तिथं जाऊन राहिली, चार दिवस तिचं वागणं बघितलं, की कोण कशाला विचारतंय.

सरदारला दुकानातून निघता आलं नाही. आम्ही दोघीच निघालो. गादीची वळकटी, कुकर, टेबलफॅन. नांदेडला गाडी बदलली. लातूरच्या स्टँडवरून ऑटो केला.

घर चांगलं होतं. पायऱ्या धुतलेल्या होत्या. शिवकांताबाई नावाची मालकीण दारात आली, कपाळावर विभूती, तोंडभर हसू. "आल्याव का? या, या. खोली झाडून ठेवलीया." मग तिने माझा बुरखा बघितला, आणि माझ्या मागे बघायला लागली, जणू खरी मंडळी अजून ऑटोतून उतरायची होती.

"पोरगी कुठाय?"

"ही काय," मी म्हणाले.

"नाव काय बाळ तुझं?"

"सालेहा."

तिने चष्मा लावून फोन उघडला. बराच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं, अगदी साधेपणाने, जसं दूध नासलं तर विचारतात तसं, "बाई, पण ॲपनं कसं काय सोडलं तुमाला?"

मी तिला म्हणाले, तुमची खोली रिकामी आहे, आमची मुलगी हुशार आहे, काय अडचण आहे? ती म्हणाली, "माझं म्हणाल तर मला काय न्हाई. खरंच न्हाई. पण बाकीच्या पोरींचे आईबाप उद्या माझ्या दारात येतील. राग नका मानू." राग यावा असं तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिने ऑफिसला फोन लावला. कानाने कमी ऐकत असावी, फोन स्पीकरवर होता. आणि उचललास तू.

"मी शिवकांता बोलतेय, ट्युशन एरियातून. तुमच्या ॲपनं शेखाची पोरगी पाठवलीया माझ्याकडं."

"मॅडम, तसं होणारच नाही. नाव नीट वाचा."

"वाचलं की. शेख सालेहा. दारात उभी हाय."

मग तुझी बोटं चालल्याचा आवाज आला. खट खट खट. मी मोजत नव्हते, पण तू घाईत नव्हतास एवढं कळलं. तुला वेळ मिळाला होता, यासेर. तू म्हणू शकला असतास की मॅडम, राहू द्या, चांगली मुलगी आहे. फोन कट करू शकला असतास.

"मॅडम, नावात न दिसणारं अक्षर घातलेलं आहे. म्हणून सुटलं. आज संध्याकाळपर्यंत बंद करतो. पुन्हा असं कुणी येणार नाही."

सालेहा फोनकडे वाकली. "मामू?"

"मॅडम," तू म्हणालास, "तुमच्याजवळ कोण आहे?"

शिवकांताबाईने माझ्याकडे बघितलं. "ह्यो मामा हाय व्हय तुमच्या पोरीचा?"

"न्हाई," मी म्हणाले. "आवाज सारखा वाटला तिला."

मी तुला वाचवलं असं समजू नकोस. मला त्या बाईसमोर तुझी लाज वाटली. आम्हाला बाहेर काढणारी बाई आमच्याशी तुझ्यापेक्षा जास्त बोलली होती.

सामान आम्हीच पुन्हा रस्त्यावर आणलं. बाई मागून आली आणि तिने सालेहाच्या हातात दोन केळी दिली. सालेहाने घेतली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. परतीच्या गाडीत तिने एक सोललं तेव्हा मी तिच्या हातातून ते घेऊन खिडकीबाहेर फेकलं, आणि दुसरंही फेकलं. ती रडली नाही. म्हणाली, "अम्मी, नक्को बोलो अब्बा को, मामू थे करके." मग नांदेड येईपर्यंत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

संध्याकाळी मी क्लासात जाऊन बघितलं. तू शब्दाला जागलास. न दिसणारं अक्षर घातलं तरी आता नाही म्हणतं.

नाझनीन


नायगाव
१४ जुलै २०२५

यासेर,

तुझा मेसेज आला. खाली उतरवते, म्हणजे नंतर तू असं लिहिलंच नव्हतं म्हणायला नको.

"आपा, सालेहाचं नाव मी अपवादात टाकलं आहे. आता अडणार नाही. दुसरं घर बघून ठेवलंय. तिथं तिला सलोनी म्हणायचं. तू सोबत येऊ नकोस, बुरखा नको. सरदारभाई आले तर टोपी काढून येऊ दे. तिला समजावून सांग. मी सगळं बघतो."

अपवादात. म्हणजे वरच्या ओळीत चंद्रशेखर आणि खालच्या ओळीत माझी सालेहा. बाकी सगळे शेख तसेच बाहेर.

मी हा मेसेज सालेहाला दाखवला नाही. सरदारने विचारलं कुणाचा, कंपनीचा म्हणाले, कागदावर उतरवून घेतला आणि पुसून टाकला. दाखवला असता तर कदाचित ती गेली असती. तिला डॉक्टर व्हायचं आहे आणि सोळाव्या वर्षी माणूस सलोनी व्हायला सहज तयार होतं. तिला विचारायला हवं होतं असं तू म्हणशील. नाही विचारलं. ती आता नांदेडला सरदारच्या बहिणीकडे राहते, तिथल्या एका क्लासला जाते. क्लास लातूरच्या तोडीचा नाही. ती तक्रार करत नाही. मी तिला लातूर पुन्हा दाखवणार नव्हते.

मी स्वतः मात्र गेले. गेल्या गुरुवारी. कुणाला सांगितलं नाही. सरदार समजला की मी नांदेडला प्रिंटरचा टोनर आणायला गेले.

तुझ्या ऑफिसात गेले होते. खोटं कशाला बोलू, तुझी भाकरी घालवायला गेले होते. तू यश म्हणून जिथे मिरवतोस तिथे तुझं खरं नाव तुझ्या मालकाच्या टेबलावर ठेवायचं आणि मग तुझं काय होतं ते बघायचं, एवढंच मनात होतं. गाडीत मी वाक्य जुळवत होते. तू त्या दिवशी नव्हतास. का नव्हतास मला माहीत नाही. मला जिन्यावर बघून मागच्या दाराने गेला असशील तर तेही तुला शोभतं.

तुझा मालक महांतेश आदबीने वागला. खुर्ची दिली, चहा सांगितला. मी बसल्या बसल्या म्हणाले, "तुमच्याकडे यश म्हणून जो काम करतो, त्याचं नाव यासेर आहे. शेख यासेर. मी त्याची बहीण."

त्याला आश्चर्य वाटेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो बशीत चहा ओतत होता.

"हाव की," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. आधार कार्ड बघितल्याबिगर कामावर घेतो का मी कुणाला?"

"मग यश?"

"त्यानंच सांगितलं, मला यश म्हणा. म्हणतो मग. सगळेच म्हणतात. पोरगं खूश ऱ्हातंय, आपलं काय जातंय?"

यासेर, त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. चहा आणणाऱ्याला ठाऊक आहे. "आपा, साखर कमी आहे का?" असं तो मला विचारून गेला. मी तुला उघडं पाडायला गेले आणि तू तिथे पहिल्या दिवसापासून उघडाच बसलेला होतास. ज्या नावासाठी तू मला राँग नंबर म्हणालास, ते नाव ते तुला लाडाने देतात, लहान पोराला खोटा फोन देतात तसं.

पुढचं ऐक. महांतेश पुढे वाकून मला म्हणाला, मोठ्या प्रेमाने म्हणाला, "खरं सांगू का आपा? घरमालक लई दिवस मागं लागले होते, नावं आधीच गाळून द्या म्हणून. पण आमच्या पोरांना येतंय काय? शेख, खान, पठाण. संपलं. म्हणून तर यशला दिलं. त्यानं एका बैठकीत फळा भरून टाकला. अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी. निम्मी तर आमी ऐकली बी नव्हती. त्याच्याबिगर जमलंच नसतं."

तुला वाटत असेल, तू हुशार आहेस म्हणून तुला ते काम मिळालं. मला आधी तसंच वाटलं होतं. तुला ते मिळालं कारण आपल्या गल्लीत कोण कोण राहतं हे तुला पाठ आहे. पिंजारी तू कुठून काढलंस? गाद्या भरून द्यायचे त्या चाचांवरून. तुला कडेवर घेऊन ते ईदगाहला जायचे.

मी उठणार होते. तेवढ्यात महांतेश म्हणाला, "तुमी बी हेच शिकवता म्हणं नायगावला. यश सांगत असतो, आपानंच शिकवलं समदं." तू असं सांगतोस हे मला माहीत नव्हतं. मग त्याने मला एक विचारलं. "आपल्याकडं देशमुख, पटेल, इनामदार आडनावाचे मुसलमान निघतात. पोरींची नावं बी आता अशी, की काय बी कळत न्हाई. ते कसं धरायचं? यश म्हणतो, धरता येत न्हाई."

मी चहा संपवला आणि निघाले.

आता तू काय करायचं ते तुझं तू बघ. रोज सकाळी त्या जिन्यावरून चढताना आठवत जा की वर सगळे जागे आहेत, सगळ्यांना यासेर ठाऊक आहे.

नाझनीन


नायगाव
२१ ऑगस्ट २०२५

यासेर,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर किती दिवसांनी बघितलं. खाली यासेर अशी सही आहे, ती मी दोनदा वाचली.

माझं पत्र पोचलं त्याच आठवड्यात तू काम सोडलंस असं लिहिलं आहेस. महांतेशने थांबवलं नाही असंही. खोली सोडायची आहे, नायगावला यायचं आहे, क्लासात माझ्या हाताखाली काहीही करायला तयार आहेस. सालेहाचे पाय धरीन असं लिहिलं आहेस. आपल्यापेक्षा लहान माणसाचे पाय धरत नसतात. पण तू ते लिहिताना रडला असशील, मला कळतं.

आता माझं ऐक आणि मधे बोलू नकोस.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की महांतेशने देशमुखांचं विचारलं आणि मी चहा संपवून निघाले. चहा संपवला हे खरं आहे. पण त्याआधी मी उत्तर दिलं होतं.

का दिलं, ते मी इतके दिवस शोधते आहे. तो म्हणाला, यश म्हणतो धरता येत नाही. आणि मला उत्तर येत होतं. प्रश्न ऐकता ऐकताच आलं होतं. अब्बा गेल्यावर मी कॉलेज सोडलं आणि तुला शिकवलं, आणि त्या लातूरच्या ऑफिसात गार हवेत तू बसलास, मी नायगावात पोरांना टायपिंग शिकवत राहिले. आणि हा माणूस मला विचारत होता, तुला जमलं नाही ते. वर्गात कुणी हात वर केला की कसं आपोआप तोंड उघडतं, तसं माझं उघडलं.

"वडिलांचं नाव बघा," मी म्हणाले. "रकाना आहेच तुमच्याकडे. मुलांची नावं लोक आता कशीही ठेवतात. बापाचं नाव मात्र जुनंच असतं."

महांतेशने मांडीवर थाप मारली. "बघा! हे यशला सुचलं न्हाई."

आणि मला बरं वाटलं, यासेर. गाडीत बसेपर्यंत वाटत होतं.

खाजामियाँ देशमुख तुला आठवत असतील, बसस्टँडजवळ ज्यांचं घड्याळांचं दुकान आहे ते. त्यांची मुस्कान सालेहाच्याच वर्गातली. आडनाव देशमुख, नाव मुस्कान, त्यामुळे तिला त्याच ॲपवरून लातुरात खोली मिळाली होती. जूनपासून राहत होती. कुणाला काही त्रास नव्हता, घरमालकीण तिला मेंदी काढून मागायची. ऑगस्टच्या सुरुवातीला महांतेशच्या माणसांनी जुन्या नवीन सगळ्या मुलींच्या वडिलांची नावं तपासली. तू सोडून गेल्यानंतर, दुसऱ्या कुणी तरी पोराने केलं असणार, सोपं काम आहे. मुस्कान क्लासवरून आली तेव्हा तिची पेटी फाटकाबाहेर होती. चादर घडी करून वर ठेवलेली होती. तिच्या वडिलांना यायला संध्याकाळ झाली, तोवर ती पेटीवर बसून होती आणि जाणारे येणारे बघत होते. आता ती नायगावात आहे. खाजामियाँ म्हणतात, पुरे झालं शिक्षण, स्थळ बघतो.

सालेहा पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत आली होती. रविवारी दोघी माझ्या क्लासात बसल्या होत्या. मी शेजारच्या टेबलावर प्रिंट काढत होते. मुस्कान सगळं सांगत होती, वडिलांचं नाव कसं तपासलं, मालकीण कशी म्हणाली की आमची फसवणूक झाली. सालेहा उठून माझ्याजवळ आली.

"अम्मी, ये मामू ने करा ना?"

मशीनमधून कागद बाहेर येत होते. मी ते सारखे करत होते.

"हाव," मी म्हणाले.

ती परत गेली आणि मुस्कानसमोर उभी राहिली. "मेरा मामू है वो," म्हणाली. "माफ कर." मुस्कानने तिचा हात झटकला नाही, पण धरलाही नाही. माझी मुलगी तशीच उभी होती, दुसऱ्याच्या वतीने मान खाली घालून. मी बघत होते. एक शब्द बोलले असते तर ती मान वर आली असती आणि माझ्याकडे वळली असती.

नांदेडला जाताना ती तुझा लॅपटॉप इथेच ठेवून गेली. म्हणाली, कुणाला तरी देऊन टाक.

तर तू येऊ नकोस. आत्ता नाही, दिवाळीलाही नाही. कुठे राहशील ते कळव, मी सरदारबरोबर कपडे आणि धान्य पाठवीन, आणि पत्र लिहीत जाईन. तू चांगलं काम केलंस, नोकरी सोडलीस. मला त्याचा आनंद आहे, खरंच आहे.

पण तू ती केव्हा सोडलीस ते मी सालेहाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विचारील, मग कुणी केलं.

तुझी आपा